नेट लागेना त्या दुपारी

“तिला सांग, लॅपटॉप एकदा बंद करून परत चालू कर म्हणावं,” आप्पा म्हणाले.

आई त्यांच्यापासून चार हातांवर टेबलाशी बसली होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं. तरी मी “आई, बंद करून परत चालू कर” असं म्हटल्याशिवाय तिचा हात हलला नाही.

“त्यांना सांग, दोनदा करून झालंय.”

“आप्पा, दोनदा करून झालंय.”

“मग तिसऱ्यांदा कराय काय हात दुखत्यात का तिचे?”

हे मी पोचवलं नाही. आईनं लॅपटॉप जरा जोरातच मिटला, म्हणजे ते पोचलं होतं.

तेव्हा मी सांगलीला नोकरीला होते आणि आदल्या संध्याकाळी आजऱ्याला, माहेरी आले होते. आई-आप्पांचा अबोला चालू होता. अबोले आमच्या घराला नवीन नव्हते, पण ते फार तर दोन जेवणांपुरते टिकायचे. हा संक्रांतीच्या सुमारास सुरू झाला होता आणि आता मे महिना चालला होता. घरात तिसरं माणूस असलं की दोघं त्याच्यामार्फत बोलत. नसलं की शेजारच्यांचं मांजर ते काम करी. “भाकरी गार व्हायला लागलीय म्हणावं,” असं आई मांजराला सांगे आणि आप्पा उठून जेवायला येत. मांजराला या व्यवहारात दूध मिळायचं, त्यामुळे त्याची काही तक्रार नव्हती. माझी होती.

अबोला कशावरून सुरू झाला ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आई हायस्कूलमधून निवृत्त झाली त्या दिवशी शाळेत निरोप समारंभ होता. शाल, नारळ, मुलींची भाषणं, थोडी रडारड, सगळं रीतसर झालं. मग मुख्याध्यापकांनी आप्पांना दोन शब्द बोलायला लावलं. आप्पांचा जन्म टेलिफोनच्या तारा जोडण्यात गेलेला. माइक दिसला की आधी तो टिचक्या मारून बघितल्याशिवाय त्यांना बोलता येत नाही. टिचक्या मारून झाल्यावर ते म्हणाले, “बाईंची शाळा आज सुटली. उद्यापासून त्यांची हजेरी आमच्याकडं. चहा तेवढा वेळेवर मिळावा, बाकी अपेक्षा न्हाई.”

हॉल खदाखदा हसला. मीही हसले. व्यासपीठावर आईसुद्धा हसली. घरी आल्यावर तिनं शाल कपाटात ठेवली, नारळ देवापुढं ठेवला आणि त्यानंतर आप्पांशी एक शब्द बोलली नाही. आप्पांच्या हे पहिले काही दिवस लक्षातच आलं नाही. आलं तेव्हा कारण कळेना. मी फोनवर समजावून सांगितलं, तर म्हणाले, “अगं, पण एवढी माणसं हसली की!”

आणि त्या शनिवारी दुपारी चार वाजता आईची मुलाखत होती.

धुळ्याच्या एका संस्थेला मुलींच्या वसतिगृहासाठी अधीक्षिका हवी होती. निवृत्त शिक्षिका चालेल, राहायला खोली तिथेच, जूनपासून रुजू व्हायचं. आईनं कुणाला न विचारता अर्ज केला होता आणि मुलाखतीला बोलावणं आलं होतं. मला तिनं गच्चीवर जाऊन फोन केला. “तू ये नुसती. मला सोबत पाहिजे,” म्हणाली. “आणि ह्यांना अक्षर सांगायचं नाही. निवड झाली की मी सांगेन. नाही झाली तर सांगण्यासारखं काही उरतच नाही.”

मुलाखत ऑनलाइन होती आणि ती लॅपटॉपवरूनच द्यायची अशी त्यांची अट होती. वसतिगृहाची हजेरी, कोठी, आजारपणं, सगळं कॉम्प्युटरवर ठेवायचं असल्यामुळे बाईंना ते येतं की नाही हे त्यांना बघायचं होतं. मुलींचा दिवस कसा आखाल ते तयार करून आणा आणि आम्हाला पडद्यावर दाखवा, असं त्यांनी कळवलं होतं. आईनं ते महिनाभर खपून तयार केलं होतं. सकाळी पाचची घंटा, अभ्यासाचे तास, रविवारी डोक्यावरून अंघोळ, महिन्यातून एकदा वजन. मला रात्री दाखवलं तेव्हा मी गार पडले. माझ्या ऑफिसातल्या साहेबांना असलं काही करता येत नव्हतं.

सकाळी उठून बघते तर लॅपटॉपला नेट लागेना.

आमच्या वायफायचं नाव यादीत ठळक दिसत होतं. त्याच्यावर दाबलं की गोल चक्र फिरायचं, फिरफिर फिरायचं, आणि मग ‘या नेटवर्कशी जोडता येत नाही’ असं उमटायचं. का जोडता येत नाही ते सांगायची त्याला गरज वाटत नव्हती. त्या बाबतीत ते आमच्या घरातल्या माणसांसारखंच होतं.

“पासवर्ड पुसून परत घाल म्हणावं,” आप्पा म्हणाले. ते दिवाणावर मांडी घालून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते आणि मला वाटलं त्यापेक्षा बरेच निवांत होते.

“आई, पासवर्ड पुसून परत घाल.”

आईनं पुसला, परत घातला. चक्र फिरलं. तेच उत्तर आलं.

“त्यांना सांग, तेच येतंय.”

“आप्पा, तेच येतंय.”

“डबा बंद करून बघू या.” वायफायच्या यंत्राला आप्पा डबा म्हणत. डबा त्यांच्या खास अखत्यारीतला. कनेक्शन द्यायला आलेल्या माणसानं त्याचा सगळा कारभार आप्पांच्या फोनवर घालून दिला होता. घरात कोणकोणतं यंत्र नेटला जोडलंय ते त्यांना बसल्या जागी दिसायचं, आणि पाहुण्यांना ते दाखवल्याशिवाय ते पाहुण्यांना सोडत नसत. आता ते उठले, डब्याचं बटण बंद केलं, डब्यावर हात ठेवून तो गार होईपर्यंत थांबले आणि परत चालू केलं. एकेक हिरवा दिवा लागत गेला. माझ्या फोनला नेट आलं. आप्पांच्या फोनला आलं. लॅपटॉपला आलं नाही.

“लॅपटॉपच बिघडला असंल,” आप्पा म्हणाले. “कंपनीत न्यायला लागंल.”

“त्यांना सांग, काल रात्रीपर्यंत चांगला चालत होता.”

“तिला सांग, माणूस पण काल रात्रीपर्यंत चांगला असतोय.”

मी लॅपटॉप उचलला आणि गच्चीवर गेले. आमची कॉलनी खोलगट जागेत आहे. घरात मोबाईलला रेंज म्हणून मिळत नाही, गच्चीच्या एका कोपऱ्यात थोडी मिळते. तिथं माझ्या फोनवरून लॅपटॉपला जोडून बघितलं. लगेच जोडला गेला! चित्र मात्र हलेना, आवाज तुटतुटून यायला लागला, आणि वरून मे महिन्याचं ऊन. तिथं मुलाखत होणं शक्य नव्हतं. पण एक गोष्ट कळली. लॅपटॉप शाबूत होता. डबाही शाबूत होता, कारण फोन चालत होते. म्हणजे एकमेकांशी बोलत नव्हते ते नेमके हे दोघंच.

खाली येऊन मी हे आप्पांना सांगितलं. त्यांनी सुपारी तोंडात टाकली.

“असं होतंय कधीकधी,” ते म्हणाले. “पण एवढी घाई कसली? कशाला पाहिजे तिला आज नेट?”

“मीटिंग आहे कसलीतरी.”

“रिटायर माणसाला कसली मीटिंग?”

जेवणं झाली. भांडी घासून ती इरकल साडी नेसून आली, केसांना पाणी लावून अंबाडा घालून आली. आप्पांनी अडकित्ता थांबवून तिच्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं बघितलं.

“मीटिंग घरातच हाय न्हवं?”

“घरातच आहे.”

“मग इरकल?”

मी घड्याळाकडं बघितलं. साडेतीन वाजून गेले होते. आई परत टेबलाशी बसली, परत पासवर्ड घातला, परत चक्र फिरलं. मला तिची दया आली आणि त्याच वेळी दोघांचा असा संताप आला की सांगता सोय नाही. ती मुलाखत गेली असती तर दुसरी येणार नव्हती. त्या वयाच्या बाईला कोण बोलावतंय? आणि ती अजूनही मला म्हणत होती, “त्यांना विचार, आणखी काही करता येतंय का.”

“तूच विचार,” मी म्हणाले.

आईनं मान वर केली.

“खरंच, तूच विचार. ते तिथं बसलेत. तू इथं बसलीयस. सकाळपासून मी तुमचा निरोप्या झालेय. तू म्हणतेस ते त्यांना ऐकू येतं, ते म्हणतात ते तुला ऐकू येतं, आणि मी मध्ये पोपटासारखी बडबडतेय. लाज वाटायला लागलीय मला. आप्पा, तुम्हालाही सांगते. आता मी एक शब्द इकडचा तिकडं करणार नाही. त्या मांजराला बोलवा.”

मी पायऱ्यांवर जाऊन बसले. आत अडकित्त्याचा आवाज थांबला. मग आईची खुर्ची सरकली.

“अहो,” आई म्हणाली.

मी न राहवून वळून बघितलं. ती दिवाणासमोर उभी होती, पदर दोन्ही हातांत धरून. आप्पांनी मान वर केली नव्हती.

“अहो, माझं नेट लागत नाहीये. जरा बघता का?”

आप्पा इतक्या झटकन उठले की मांडीवरची सुपारी खाली सांडली. त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाशी धरून अंगठ्यानं काहीतरी दाबलं.

“बघ आता,” ते म्हणाले.

आईनं बघितलं. चक्र एकदाच फिरलं आणि नेट लागलं.

“काय केलंत?”

“काय न्हाई. अडकलं होतं कुठंतरी.”

“सकाळपासून लागत नव्हतं हो.”

“आता लागलंय न्हवं? जा. मीटिंग कर तुझी.”

आईनं लॅपटॉप छातीशी धरला आणि जाता जाता ती आप्पांकडं बघून हसली. मोठं काही नाही, जराशीच. मग ती स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

आप्पा सुपारी न उचलताच स्वयंपाकघरात गेले. मी मागोमाग गेले, तर त्यांनी चहाचं आधण ठेवलेलं. साखर कुठल्या डब्यात आहे ते त्यांना सापडत नव्हतं. एकेक झाकण उघडून वास घेत होते. फोन ओट्यावर ठेवला होता. मी त्यांना साखर काढून दिली.

“गिरू,” ते हळू आवाजात म्हणाले, “एक गंमत सांगू? तिला सांगायची न्हाई.”

“काय?”

“लॅपटॉपला काय धाड भरली नव्हती. मीच अडवलेला. सकाळी, ह्या फोनवरनं. एक बटण असतंय, ते दाबलं की तेवढंच यंत्र अडतंय, बाकी सगळं चालू.”

“का पण?”

“आधी नेट गेलं की ती यायची न्हवं का माझ्याकडं? ‘अहो, नेट गेलं बघा.’ तेवढ्या एका कामाला मी लागायचो तिला. म्हटलं, येईल आता. आज ना उद्या तिला बोलावंच लागंल.” त्यांनी चहाची पूड टाकली, अंदाजापेक्षा पुष्कळ जास्त. “मांजराशी बोलती गं ती. मी समोर असतो आणि मांजराशी बोलती. आणि तू मधीच आलीस. तू नसतीस तर सकाळीच म्हणाली असती.”

“किती वेळ ताणलंत आप्पा. ती रडायला आली होती.”

“ते दिसलं मला. पण ‘अहो’ म्हणाली न्हवं शेवटी? ऐकलंस न्हवं तू?”

इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर माझ्या लग्नातही बघितला नव्हता. त्यांना भरपूर बोलायचं होतं. मला मात्र दारापलीकडं काय चाललंय ते माहीत होतं, आणि मला तिथं उभं राहवेना.

दार पातळ होतं आणि आईचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. नमस्कार-चमत्कार झाले. तिनं आखलेला दिवस ती एकेक करून दाखवत होती. आप्पा कपात चहा गाळत होते, त्यांचं तिकडं ध्यान नव्हतं. मग लॅपटॉपमधून एका गृहस्थांचा आवाज आला, चांगला खणखणीत.

“बाई, धुळ्याला राहायला कधीपासून येऊ शकाल?”

आप्पांची गाळणी वरच्या वर राहिली.

“जूनच्या एक तारखेपासून,” आई म्हणाली.

“कोण जातंय धुळ्याला?” आप्पांनी मला विचारलं.

मी सांगितलं. वसतिगृह, अधीक्षिका, राहायची खोली, सगळं. लपवण्यात आता अर्थ नव्हता. ऐकता ऐकता त्यांनी गाळणी ओट्यावर ठेवली आणि हात धोतराला पुसले.

पलीकडं कुणी बाई विचारत होत्या, निवृत्तीनंतर एवढ्या लांब कशाला येता? आई म्हणाली, “मला अजून पुष्कळ काम येतं. घरात बसले तर ते विसरायला होईल.”

आप्पांनी ओट्यावरचा फोन उचलला. अंगठा लावल्याबरोबर तो उजळला, मघाचंच पान उघडं होतं. घरातली यंत्रं एकाखाली एक, आणि आईच्या लॅपटॉपसमोर ते बटण. मी त्यांच्या शेजारीच उभी होते. एकदा दाबलं असतं तर आई मुलाखत घेणाऱ्यांच्या पडद्यावरून गेली असती. बाईंना एवढंही जमत नाही, असं म्हणून त्यांनी पुढचं नाव घेतलं असतं. आईला कधी कळलंही नसतं. आप्पांचा अंगठा बटणाच्या वर होता. मी त्यांचा हात धरायला हवा होता, पण मला भीती वाटली की मी हात लावला तरच ते दाबतील.

“एक विचारू का?” ते खणखणीत गृहस्थ म्हणाले. “राग मानू नका. मागच्या बाई दोन महिन्यांत परत गेल्या. मिस्टरांना पसंत नव्हतं. तुमच्या घरून संमती आहे ना?”

अलीकडं गाळलेला चहा कपात गार होत होता, कुणी तो उचलला नाही.

“त्यांना मी अजून विचारलेलं नाही,” आई म्हणाली. “खोटं कशाला सांगू? पण मघाशी माझं नेट बंद होतं. सकाळपासून लागत नव्हतं. त्यांनीच ते लावून दिलं. मीटिंगला जायचंय एवढंच त्यांना माहीत होतं, कसली ते मी सांगितलंही नव्हतं. माझं काम अडवणारा माणूस नाही तो.”

धुळ्यात काढलेल्या वर्षांचा विषय निघाला की आई हे वाक्य अजूनही म्हणते, आणि मी अजूनही गप्प बसते.

आप्पांनी डोळे मिटले. मग फोन माझ्यापुढं धरला.

“हा तुझ्याजवळ ठेव,” ते म्हणाले. “तिचं संपेपर्यंत मी मागितला तरी देऊ नको.”

तिचं संपेपर्यंत त्यांनी तो दोनदा मागितला. मी दिला नाही.